पाच वाजता दहा नंबरला

देवगिरी (दौलताबादचा किल्ला) आणि वेरूळ एका दिवसात करायचं तर आधी किल्ला, मग लेणी. अकरानंतर किल्ल्याचा कातळ तव्यासारखा तापतो. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, त्यामुळे सकाळी आत अंधारच असतो. दुपार कलली की उजेड आपणहून आत येतो. मी गाइड; त्या दिवशीची माझी पार्टी तर खास वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात बुद्धमूर्तीवर चढणाऱ्या किरणांसाठी आलेली. मार्चचा दुसरा आठवडा, सोमवार, लातूरकडची अठरा माणसं.

साडेसातला संभाजीनगर सोडलं. किल्ला पंधरा-सोळा किलोमीटरवर. माणशी एक लिटर पाणी खालीच घ्यायला लावतो. चपला नकोत, पायऱ्या उंच-सखल आहेत. महाकोटाच्या, म्हणजे बाहेरच्या तटाच्या, आत शिरून चाँद मिनार भराभर दाखवला, कारण वेळ राखून ठेवायचा तो खंदकासाठी. इथे डोंगराचा मूळ उतारच तासून काढलाय. जवळपास पन्नास मीटर सरळसोट कडा, घोरपडीलाही पाय रोवता येऊ नये असा. आत जायला पूल एकच, आणि त्यापुढे अंधारी, म्हणजे कातळातून वर जाणारी काळोखी वाट.

अंधारीत वेळ जातो तो नेहमी एकाच कारणानं. बॅटरी दोनच हव्यात, एक पुढे, एक शेवटच्या माणसाकडे, आणि झोत पायरीवर. एका पोरानं मोबाइलचा उजेड छतावर मारला. वटवाघळं उठली, एक काकू मध्येच मटकन बसल्या आणि मागची सगळी रांग थटली. अशा वेळी ओरडायचं नाही. सगळे दिवे खाली करायला सांगायचे, दोन मिनिटं थांबायचं, वटवाघळं आपोआप शांत होतात. मग काकूंचा हात भिंतीला लावून दिला आणि एकेक पायरी मोजत वर नेलं. तरी वीस मिनिटं गेलीच. दम लागणाऱ्यांना बाहेरच्या नव्या पायऱ्यांनी पाठवावं. काकूंना आधीच विचारायला हवं होतं.

वर आल्यावर हमखास येणारा प्रश्न आलाच, “म्हणजे किल्ला कधी पडलाच नाही?” आम्हा गाइडांतलेही काही जण तसं ठोकून देतात. पडला की! 1296 मध्ये अलाउद्दीन खलजीपुढे यादव राजा रामदेवरायांना तह करावा लागला. धान्य म्हणून आत घेतलेल्या पोत्यांत मीठ निघालं, अशी कथा सांगतात. 1633 मध्ये मुघल सरदार महाबत खानानं वेढा घालून तो निजामशाहीकडून घेतला. कडा चढून येणं अवघड. त्यापेक्षा आतली कोठारं रिकामी होण्याची वाट बघणं सोपं.

वरच्या बारादरी महालाशी साडेअकरा वाजले. सगळ्यात वरची तोफ सोडून दिली आणि उतरायला घेतलं. घाट चढून खुलताबादमार्गे वेरूळ, पिठलं-भाकरी, आणि अडीचला तिकीट खिडकी. समोरच कैलास, सोळा नंबर. एकदा आत शिरलेली पार्टी दीड तास बाहेर येत नाही. म्हणून सरळ उजवीकडे वळवली. एक ते बारा बौद्ध लेणी. पाच नंबरात लांबच लांब दोन दगडी बाक, सहात महामायुरी ही बौद्ध देवी, तिच्याजवळ मोर आणि खाली पोथी वाचत बसलेला विद्यार्थी. मग बारा नंबर, तीन ताल, वरच्या मजल्यावर ओळीनं सात-सात बुद्ध. बाकीची ओझरती.

साडेचारला दहा नंबर. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या, म्हणून लोक याला सुतार की झोपडी म्हणतात. स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेला बुद्ध. पुढच्या भिंतीतल्या, वरच्या मजल्याच्या गवाक्षातून ऊन आत येतं. सूर्य जसा खाली उतरतो तसा उजेडाचा पट्टा उलटा वर चढतो. आधी फरशी, मग पाय, मांडी, छाती. सूर्य याच रेषेवर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही येतो, पण तेव्हा ढगांचा भरवसा नसतो.

पार्टीला दोन्हीकडच्या खांबांना टेकून बसवलं. मधली वाट मोकळी ठेवावी लागते, नाहीतर आपल्याच सावल्या मूर्तीच्या पायावर पडतात. पाचच्या सुमारास उजेड हनुवटीला लागला आणि तेवढ्यात चेहऱ्यावर दोन काळी डोकी उमटली. कुणीतरी वरच्या सज्जात, नेमकं गवाक्षात उभं राहून सेल्फी काढत होतं. जिना चढून त्यांना बाजूला करेपर्यंत काही मिनिटं गेली. हा दोष माझा. वर एक माणूस आधीच उभा करायचा असतो.

तरीही मिळालं. डोळे, कपाळ, मग मागचा स्तूप. दगड तांबूस झाला आणि विझला. अठराजणांत कुणी मोबाइल काढला नव्हता.

बाहेर आलो तर रखवालदाराची शिट्टी सुरू झालेली. काकू म्हणाल्या, “कैलास राहिला की हो. उद्या सकाळी येऊ?”

“उद्या मंगळवार, काकू. लेणी बंद.”