तुम्ही विचारलंत म्हणून: आडवी आलेली फांदी

मी शिकार का करते, हा प्रश्न आज नको. त्यावर गणपतीत, कोजागिरीला आणि एकदा तर बारशाच्या पाळण्यापाशी उभं राहून मी पुरेसं बोललेय. ज्यांना पटलं नाही त्यांना ते पुढेही पटणार नाही. हरणाचा खिमा मात्र त्यातलेच दोघेजण डबा भरून नेतात. त्या एका नटाचं नाव घेऊन होणारा विनोदही आता पुरे. इथे विस्कॉन्सिनमध्ये परवाना असतो, हरणामागे टॅग म्हणजे मारायची चिठ्ठी असते, नऊ दिवसांचा बंदुकीचा मोसम असतो. हे तुम्हाला माहीत आहे.

आजचा प्रश्न दुसरा आहे आणि तो दोन्हीकडून येतो. ऑफिसातले शिकारी विचारतात, "समोर होतं तर सोडलंस कशाला?" आणि आपली मंडळी विचारतात, "एकाला सोडता, दुसऱ्याला मारता, हे ठरवता तरी कसं?" पहिल्यांच्या आवाजात कीव असते. दुसऱ्यांचा सूर असा की मी जणू चित्रगुप्ताची वही घेऊन झाडावर बसते. दोघांना मी आजवर जे सांगत आले ते अर्धं खरं आहे.

ते अर्धं आधी सांगून टाकते.

जनावर टेकडीच्या माथ्यावर असेल आणि मागे नुसतं आभाळ असेल, तर बार काढायचा नाही. हुकलेली गोळी मैलाच्या पुढेही जाते. माझ्या पहिल्याच वर्षी असा एक नर माथ्यावर येऊन उभा राहिला, शिंगं आभाळावर कोरल्यासारखी. पलीकडच्या उतारावर शेजाऱ्यांचा गायींचा गोठा आहे हे मला ठाऊक होतं, पण खरं सांगते, त्या क्षणी गोठाबिठा काही आठवला नाही. दुर्बिणीत निळं दिसलं आणि बोट हललं नाही, एवढंच. वर्गात घोकलेलं कामाला आलं. इथे १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा वर्ग करावा लागतो. चाळिशीतली मी शाळकरी पोरांशेजारी बसून चार नियम पाढ्यासारखे म्हणत होते: बंदूक भरलेलीच आहे असं धर, नळी सुरक्षित दिशेला ठेव, सावज कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री कर, बोट चापाबाहेर ठेव. तिसऱ्या नियमाला मला हसू फुटलं होतं. दशरथाने हा वर्ग केला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. घागर बुडबुडली आणि हा म्हणाला, हत्ती!

तर आवाजावर नाही, हालचालीवर नाही, पळत्यावर नाही, अंधारात नाही. मध्ये फांद्या असतील तर नाही, कारण बोटभर जाडीची डहाळीसुद्धा गोळी भलतीकडे फिरवू शकते. ही सगळी सोपी कारणं. ह्यांतल्या कुठल्याही कारणाने सोडलेल्या हरणाबद्दल कुणी माझं कौतुक केलं की मी अवघडते, कारण त्यात मी काहीच ठरवलेलं नसतं.

कठीण असतं ते उभं राहणं, म्हणजे हरणाचं. ते आडवं उभं हवं, पुढचा पाय जरा पुढे टाकलेला. त्या पायाच्या मागे काळीज आणि फुप्फुसं मिळून जेमतेम एका भाकरीएवढी जागा असते. 'वर्मी लागणं' हे आपण टोमण्यांसाठी वापरून गुळगुळीत केलंय, पण वर्म म्हणजे ही भाकर. तिथे लागलं तर जनावर शंभर-दीडशे पावलांत पडतं. तेच तिरपं, तोंड आपल्याकडे करून असेल, तर भाकरीची चतकोर होते, आणि गोळी खांद्याच्या हाडावर अडते किंवा छातीच्या कडेने पोटात घुसते. हे मला पाठ होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, म्हणजे "तुला कुठे माहीत होतं" असं म्हणून मला सोडवायला येणार नाही कुणी.

चार वर्षांपूर्वीचा, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. मोसमाचा आठवा दिवस. मॅडिसनपासून पश्चिमेला तासभर गेलं की हिमनद्यांनी न सपाटलेल्या टेकड्या लागतात. अमेरिकेत आल्यावर पाटणची आठवण आली ती पहिल्यांदा तिथे. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात मी जाते. तोंडावर त्यांना पहिल्या नावाने हाक मारते, कारण इथली रीत, पण मनात ते आजोबा. मोसमात त्यांच्या मागच्या खोलीत राहते.

सात दिवसांत मी तीन हरणं सोडली होती, तिन्ही योग्य कारणांनी. ऑफिसात तिघांची झाली होती. गुरुवारच्या जेवणात कुणीतरी सगळ्यांसमोर विचारलं, "तू तिकडे फोटो काढायला जातेस का?" सगळे हसले. मीही हसले. शिवाय पुढच्या आठवड्यात बारा माणसांना रस्सा खायला बोलावून बसले होते आणि फ्रीजर रिकामा होता. ही कारणं नव्हेत. पण तीही माझ्याबरोबर त्या मचाणावर बसली होती.

चार वाजून गेले. साडेचारच्या सुमारास सूर्य बुडतो. कापलेल्या मक्याच्या कडेला एक मादी आली, सव्वाशे यार्डांवर, तिरपी, तोंड माझ्याकडे. वळेल, म्हटलं. धाटांत तोंड घालून ती दाणे शोधत राहिली. वळेल. नाही वळली. प्रत्येक मिनिटाला उजेड कमी होत होता आणि प्रत्येक मिनिटाला ती मला थोडी जास्त आडवी वाटायला लागली. ती तसूभरही हलली नव्हती. शेवटी मी स्वतःला म्हटलं, जमेल. हा शब्द मला आजही स्पष्ट आठवतो, मराठीतच म्हटला होता. चाप ओढला आणि त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकलं.

बारामागोमाग गोळी लागल्याचा वेगळा आवाज येतो. हा ओल्या पोत्यावर दांडका मारावा तसा आला. ती पळाली नाही. पोटात कळ आलेल्या माणसासारखी पाठ वर करून, शेपूट आत घेऊन, चालत झाडीत गेली. मचाणावरून उतरायच्या आधीच मला कळलं होतं. खाली बर्फावर लाल असं जवळजवळ काहीच नव्हतं. हिरवट तपकिरी चिकट डाग होते, त्यात चघळलेला मका. ज्याने घरी वजडी साफ केली आहे त्याला त्या वासाबद्दल सांगायला नको.

आजोबांना फोन केला. ते आले, वाकले, बोटाला लावून वास घेतला. म्हणाले, "घरी चल."

मी म्हटलं, मी माग काढते, लांब गेली नसेल.

"लांब गेलेली नाही. तू मागे गेलीस तर जाईल. ती आता बसेल. बसू दे तिला."

बसू दे म्हणजे मरू दे. आणि त्याला रात्र लागते. पोटात लागलेल्या हरणाचा हिशेब असाच आहे: दहा-बारा तास थांबायचं, नाहीतर ते उठत राहतं आणि हाती लागत नाही. म्हणजे मी केलेल्या गोष्टीला आता सगळ्यात शहाणपणाचा उपाय होता काही न करता सूप पिणं. आजोबांनी डबा फोडून सूप गरम केलं. ते एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आठ वाजता आईचा फोन आला. साताऱ्यात सकाळ झाली होती.

"मिळालं का गं काही?"

"नाही." हे खोटं होतं की खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"बरं झालं. सोडतेस ते बरंच करतेस. पण मी म्हणते, तुला कळतं कसं गं, ह्याला सोडायचं आणि ह्याला नाही?" आणि मग स्वतःच, "त्या बेलावरच्या व्याधासारखं काहीतरी होत असणार तुझं."

शिवरात्रीची कथा ती दरवर्षी वाचते. हरिणी व्याधाला म्हणते, पिलांना भेटून येते, मग मार, आणि तो सोडतो. रात्रभर एकामागून एक येतात, सगळ्यांना सोडतो. ही तुलना मला पूर्वी फार आवडायची. मंडळात एकदा मीच ती ऐकवून टाळ्या घेतल्यात. फोन ठेवून खिडकीशी गेले तर गोठ्याच्या छपरावर मृग नक्षत्र चढत होतं. लहानपणी गच्चीवर आईनेच दाखवलेलं: हे चार पाय, हे पोटात तीन तारे म्हणजे बाण, आणि मागून तो व्याध. व्याध अजून उगवला नव्हता. पोटात. इतक्या वर्षांत आमच्या गच्चीवर कुणाच्या हे मनात आलं नव्हतं, की बाण पोटात आहे.

पलीकडच्या टेकडीवर कोल्हेकुई सुरू झाली. इथले कोल्हे मोठे असतात आणि टोळीने येतात. मी झोपले नाही.

उजाडल्यावर गेलो. उणे बारा असेल. झाडीत शिरल्यावर साठेक पावलांवर बसल्याची पहिली जागा, बर्फ वितळून पुन्हा गोठलेला, मध्ये काळपट डाग. मग दुसरी. तिसऱ्या जागेवर ती होती, शेताच्या कडेपासून दोनशे पावलांवर. आजोबांचं बरोबर होतं. कोल्ह्यांना सापडली नव्हती. आणि जिवंत होती. मान वर, दोन्ही कान माझ्याकडे. उठायचा प्रयत्न तिने केला नाही. वीस पावलं, मध्ये काही नाही, मागे उतार. इतका सोपा बार मला आयुष्यात मिळालेला नाही. तो मी सोडला नाही.

पोट उघडल्यावर वास इतका, की आजोबा दोनदा बाजूला गेले, आणि त्यांचा जन्म गोठ्यात गेलाय. थंडीने थोडं वाचवलं होतं. पाठीच्या पट्ट्या आणि पुढचे दोन्ही पाय बर्फाने घासून घेतले, बाकीचं टाकावं लागलं. बारा जणांना कोंबडीचा रस्सा केला. ते मटण मी कुणाला दिलं नाही, शिमग्यापर्यंत एकटीने खाल्लं. त्याला प्रायश्चित्त म्हणू नका. टाकवत नव्हतं आणि वाढवतही नव्हतं.

आता लोकांना इथे असं ऐकायचं असतं की त्यानंतर मला कळलं. काय कळलं? तिरप्या हरणावर बार काढू नये हे आधीही माहीत होतं. व्याधाच्या गोष्टीबद्दल एक वाक्य मी मध्यंतरी जुळवलं होतं: न वळणं हेच तिचं बोलणं होतं, मला ऐकू आलं नाही. छान आहे, पण खोटं आहे. ती बोलत नव्हती, मका खात होती. कथेतला व्याध सोडतो कारण हरिणी त्याला काही मागते. माझ्याकडे कुणी काही मागत नाही. उजेड, अंतर, वारा, माझा श्वास आणि गुरुवारी कोण हसलं, एवढंच असतं.

त्यानंतरच्या तीन मोसमांत मी दोन हरणं मारली, दोन्ही उभ्या जागी पडली. सोडली किती ते मोजत नाही. चार वर्षांपूर्वीची मी आजच्या मला विचारते, तू आता फार सोडतेस, नाही का? मी म्हणते, तुझ्यामुळेच. ती म्हणते, मग हे भय झालं, विवेक कुठला? ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असलं तरी तिला देणार नाही, तिला बोलायचा हक्क काय?

पण तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. सोडणं फुकटात पडत नाही. ह्याच भागात, माउंट होरेबच्या आसपास, २००२मध्ये हरणांना झिजवून मारणारा रोग (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा सापडला. त्याला औषध नाही. आम्ही मारलेल्या हरणाचं डोकं तपासायला देतो आणि निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये राहतं. ह्या भागात लांडगे जवळजवळ नाहीत, हरणं जास्त झालीत, माद्या माराव्यात म्हणून सरकार टॅग देतं. आजोबांच्या रानात ओकची रोपं गुडघ्याच्या वर येत नाहीत, शेंडे खाल्लेले असतात. मी सोडलं म्हणून ज्यांना पुण्य दिसतं त्यांनी ती रोपं येऊन बघावीत. आणि हे सगळं मी तोंडपाठ म्हणू शकते म्हणून माझं बोट हलतं असं मात्र नाही.

मागच्या नोव्हेंबरात, पहिल्याच दिवशी, आठ टोकांच्या शिंगांचा नर आला. साठ यार्ड. आडवा. पाय पुढे. मागे टेकडी. ओकच्या झाडाखाली फळं खात उभा. वारा माझ्याकडे. मी सुरक्षेचा खटका काढला, श्वास सोडला, सगळे नियम एकेक करून म्हटले, सगळे बरोबर होते. पुन्हा म्हटले. तो खाऊन झाल्यावर निघून गेला.

आजोबांनी त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेतात उतरताना पाहिलं होतं. "तुझ्या समोरूनच आला. का नाही?"

"फांदी आडवी होती," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. विषय संपला असं मला वाटलं. ऑफिसातही मी हेच सांगितलं, आईलाही. तीनदा सांगितल्यावर ती फांदी मलाही दिसायला लागली होती.

फेब्रुवारीत त्यांचा फोन. "ये, ती फांदी काढून टाकू." उन्हाळ्यात ओक कापला तर झाडाला रोग धरतो म्हणून त्यांना ते थंडी सरायच्या आत उरकायचं होतं. त्यांना आता वर चढवत नाही. लांब दांड्याची करवत घेऊन ते खाली बर्फात उभे राहिले, मी मचाणावर.

"कुठली?"

मी हात केला. समोर जी होती ती दाखवली. मनगटाएवढी जाड, धडधाकट फांदी. त्यांना पाऊण तास लागला, मध्ये दोनदा दम खायला थांबले. मी वरून, थोडं डावीकडे, हां, तीच, असं सांगत होते. फांदी पडली तेव्हा भुसा त्यांच्या टोपीवर उडाला.

"आता बघ," ते म्हणाले.

मी बसून, खांद्याशी बंदूक धरल्यासारखा हात धरून पाहिलं. पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत मोकळं दिसत होतं. आधीही दिसत होतं.