ग्रेंज टेकडीवरचा सैनिक

इंग्लंडमधील वेस्ट कर्बी येथे आज ग्रेंज टेकडी चढून पहिल्या महायुद्धाचे स्मारक पाहिले. हॉयलेक आणि वेस्ट कर्बी या दोन गावांचे हे सामाईक स्मारक १९२२ मध्ये उभे राहिले. ग्रॅनाइटच्या स्तंभाच्या एका बाजूस बाळाला घेतलेली स्त्री आहे, पण मी रेंगाळलो तो दुसऱ्या बाजूच्या कांस्य सैनिकापाशी : शिरस्त्राण मागे सरकलेले, हातात संगीन लावलेली बंदूक आणि पायाशी जर्मन शिरस्त्राण. शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर यांनी १९१४ मध्ये मिळालेली रोममध्ये शिल्पकला शिकण्याची शिष्यवृत्ती बाजूला ठेवून सैन्यात नाव नोंदवले होते आणि तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या रणभूमीवर ते जखमीही झाले होते. सैनिकाच्या पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पायपट्ट्यांच्या घड्या इतक्या खऱ्या का वाटतात, हे तेव्हा उमगले.