रायझन ५६०० बसवला आणि डिस्प्ले गेला: सांगलीतल्या एका मशीनची नोंद

मशीन मार्केट यार्डाजवळच्या एका अडत दुकानातलं. बी४५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, रायझन ३ २२००जी प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ काड्या, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि विंडोज १० असलेली साटा एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २२००जी विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत बसत नाही. बोर्ड, रॅम, एसएमपीएस धडधाकट, त्यामुळे फक्त प्रोसेसर बदलायचा ठरला. रायझन ५ ५६०० आला. त्यात ग्राफिक्स नसतं म्हणून कपाटात पडून असलेलं जीटी ६१० कार्ड लावलं. बटण दाबल्यावर सगळे फॅन फिरले, मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’.

अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘प्रोसेसर डेड निघाला.’ आमच्या यादीत ही शक्यता सगळ्यात खाली असते. सीलबंद प्रोसेसर मेलेला निघणं फार क्वचित घडतं. बोर्डला तो ओळखताच न येणं मात्र रोजचं आहे.

आधी लक्षण नीट बघा

‘चालू होत नाही’ या तीन शब्दांत तीन वेगळे आजार असतात. बटण दाबून काहीच हललं नाही, तर गोष्ट वीज, एसएमपीएस किंवा कॅबिनेटच्या बटणाच्या वायरींची. फॅन फिरले पण डिस्प्ले नाही, तर पोस्ट, म्हणजे बोर्डने चालू होताना केलेली स्वतःची तपासणी, पूर्ण होत नाही. कंपनीचा लोगो आला आणि पुढे विंडोज आली नाही, तर प्रोसेसर, रॅम यांच्या नादी लागूच नका, प्रश्न बूटचा आहे. आमचा मामला मधला.

या बोर्डवर २४ पिनच्या कनेक्टरजवळ चार बारके दिवे आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. चालू करताना एकेक लागून विझतो, आणि जिथे गाडं अडतं तिथला पेटून राहतो. इथे सीपीयूचा दिवा पेटून राहिला. तरी पाच मिनिटं थांबलो. नवा प्रोसेसर बसल्यावर बोर्ड रॅमची जुळणी पहिल्यापासून करतो, त्यात दोन-तीन मिनिटं डिस्प्ले नसणं, मशीन एक-दोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणं यात नवल नाही. घाईने बटण दाबून धरलं की ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

थांबूनही दिवा विझला नाही. ८ पिनची १२ व्होल्टची केबल बघितली, खटका लागेपर्यंत बसलेली होती. (कूलर लावताना ही केबल काढून ठेवतात आणि लावायची राहते. फॅन २४ पिनवर फिरतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं.) मग एसएमपीएसचा स्विच बंद, सीआर२०३२ सेल बाहेर, बायोसच्या सेटिंग्ज पुसणाऱ्या सीमॉस क्लिअरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडून धरल्या. सेलवर मीटर लावला तर २.६ व्होल्ट. नवा सेल ३ च्या थोडा वर दाखवतो, त्यामुळे बदलूनच टाकला. दिव्यात फरक नाही.

बायोस

बोर्डवरचा बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) २०१९ सालचा, आणि ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये. एएम४ वर (या रायझनांचा सॉकेट) बटण दाबल्यावर मुख्य कोर जागे होण्याआधी प्रोसेसरमधलाच एक छोटा सिक्युरिटी प्रोसेसर चालू होतो आणि बायोसच्या चिपमधून आपल्या पिढीसाठीचं फर्मवेअर शोधतो. ते तिथे नसेल तर तो तिथेच थांबतो. रॅमपर्यंत प्रकरण जातच नाही. म्हणून अशा वेळी रॅमच्या काड्या आलटून-पालटून लावणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय.

सॉकेट एकच आहे म्हणून प्रोसेसर चालेलच असं नाही. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर आपल्या बोर्डचं पान उघडा, आणि मॉडेलच्या शेवटची अक्षरं आणि पाठीवर छापलेलं रिव्हिजनही जुळवून बघा. तिथल्या प्रोसेसरच्या यादीत प्रत्येक नावापुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. ५६००, ५६००एक्स आणि ५६००जी या तीन वेगळ्या ओळी आहेत, एकीचा आकडा दुसरीला लावू नका.

ज्यांच्या बोर्डवर मागच्या बाजूला बायोस फ्लॅशचं बटण आहे त्यांची सुटका सोपी: २४ पिन आणि ८ पिन जोडा, सांगितलेल्या नावाची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, बटण दाबा, प्रोसेसर नसला तरी चालतं. या बोर्डवर ते बटण नाही. म्हणजे २२००जी परत बसवणं आलं.

एएम४ वर बोर्ड मरत नाही, पिना वाकतात, आणि त्या कूलर काढतानाच वाकतात. एएम४ चे पिन प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१, आणि सॉकेटची पकड तशी नाजूकच. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळून घट्ट झालेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, की खटका बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून मशीन चालत असेल तर दहा मिनिटं लोड देऊन पेस्ट गरम होऊ द्यायची, बंद करून वायर काढायची, स्क्रू सुटल्यावर कूलर उजवी-डावीकडे हलके पिळायचा, आणि सुटल्याचं हाताला कळलं की मगच उचलायचा. मशीन चालतच नसेल तर हेअर ड्रायरची गरम हवा कूलरच्या बुडाशी मिनिटभर.

पिन वाकलीच तर ०.५ च्या क्लच पेन्सिलमधलं शिसं काढून टाका, तिचं तोंड पिनवर चढवा आणि शेजारच्या ओळीकडे बघत थोडं थोडं सरळ करा. एका झटक्यात नाही, आणि पुढे-मागे तर अजिबात नाही. दुसऱ्यांदा वाकलेली पिन सहसा तुटते. प्रोसेसर बसवताना सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा आणि नुसता सोडा, तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. बोटाने दाबावं लागत असेल तर काहीतरी वाकलेलं आहे.

२२००जी लावल्यावर बोर्डच्याच एचडीएमआयवर डिस्प्ले आला. ८ जीबीचा पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, झिप सोडवून आतली बायोस फाइल त्यावर टाकली. एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) बंद, डीफॉल्ट लोड, मग बायोसमधल्याच टूलने अपडेट. विंडोजमधून अपडेट करणारी सॉफ्टवेअरं आम्ही वापरत नाही, मध्येच विंडोज अडकली तर बोर्ड गेला. आवृत्त्यांच्या टिपा वाचायचा कंटाळा करू नका. काही बोर्डांना आधी एक मधली आवृत्ती घालावी लागते, आणि काहींवर जागेअभावी नव्या बायोसमधून अगदी जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढलेला असतो. १६ एमबीच्या चिपवर सगळ्या पिढ्या मावत नाहीत.

अपडेट यूपीएसवरच, आणि त्या यूपीएसची बॅटरी खरंच धरते का हे आधी मेन स्विच पाडून बघून. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं आणि आयर्विन पुलाखालचे आकडे लोक तासातासाला विचारायला लागले, की लाइटचा भरवसा नसतो. तेव्हा बायोसला हात लावायचाच नाही.

विंडोज गायब

अपडेटनंतर, २२००जी जागेवर असतानाच, मशीन थेट बायोसमध्ये जाऊन थांबायला लागलं. एसएसडी यादीत दिसत होती, पण बूटला घेत नव्हती. नव्या बायोसने डीफॉल्टमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीच्या बूटची सोय) बंद केलं होतं, आणि ही विंडोज जुन्या पद्धतीने एमबीआर, म्हणजे जुन्या मांडणीच्या, डिस्कवर टाकलेली. सीएसएमशिवाय बोर्ड तिच्याकडे बघतही नाही.

सीएसएम चालू करून पुढे जाता आलं असतं. पण विंडोज ११ ला यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस) आणि सिक्युअर बूटची (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी) सोय लागते, आणि सीएसएम व सिक्युअर बूट एकत्र नांदत नाहीत. म्हणून तात्पुरतं सीएसएम चालू करून विंडोज उघडली, दुकानाच्या हिशेबांचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला, आणि विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी कमांडने त्याच डिस्कची मांडणी जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, केली. आधी ‘व्हॅलिडेट’ लावून चालवा, ती पास झाली तरच ‘कन्व्हर्ट’. चालू विंडोजमधून करायचं तर ‘अलाऊ फुल ओएस’ हा पर्याय जोडावा लागतो. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर व्हॅलिडेट नापास होतं, एखादं कमी करा. कन्व्हर्ट झाल्यावर सीएसएम बंद, विंडोज सुखरूप.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर तो प्रोसेसर काढायच्या आधी सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. या कुलपाच्या किल्ल्या जपणारा फर्मवेअर टीपीएम प्रोसेसरशी बांधलेला असतो, त्यामुळे प्रोसेसर बदलला की तिथल्या किल्ल्या गेल्या.

आता व्हीजीएचा दिवा

५६०० पुन्हा बसवला. या वेळी सीपीयू आणि डीरॅमचे दिवे विझले, व्हीजीएचा राहिला. म्हणजे गाडी पुढे सरकली. मॉनिटरची केबल कार्डलाच होती. बोर्डच्या एचडीएमआयमध्ये ती खुपसून बसणारे बरेच भेटतात, पण ५६०० असताना त्या पोर्टातून काहीही येत नाही.

दोष कार्डाचा निघाला. हे जीटी ६१० यूईएफआय समजणाऱ्या बायोसशिवायचं आहे, आणि सीएसएम बंद असलं की अशी कार्डं मुकी राहतात. काही बोर्ड असं कार्ड दिसलं की आपणहून सीएसएम चालू करतात, हा करत नाही. सीएसएम चालू करायला डिस्प्ले हवा आणि डिस्प्लेसाठी सीएसएम हवं, असा तिढा. तो सोडवला तरी विंडोज ११ साठी सीएसएम बंदच लागणार, म्हणजे हे कार्ड या मशीनमध्ये बिनकामाचं. मागवून आणलेलं जीटी १०३० लावलं आणि पहिल्या दमात डिस्प्ले.

अडत दुकानाच्या मशीनला खरं तर ५६००जी हाच शहाणा सौदा होता. त्याची कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी आणि ५६०० ची ३२, पण हिशेब आणि वजनाच्या पावत्यांना तो फरक कुठे कळणार? कार्डाचा खर्च आणि हे सगळं लफडं वाचलं असतं.

डिस्प्ले येताच पहिला मजकूर आला की नवा प्रोसेसर सापडला आहे, फर्मवेअर टीपीएम रीसेट करायचा का? बिटलॉकर नसल्याने वाय दाबलं. बिटलॉकर चालू असेल आणि की हाताशी नसेल, तर इथे एन दाबून जुना प्रोसेसर परत लावा आणि आधी की मिळवा.

अर्थिंग

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येत होत्या, टेस्टरही मंद पेटत होता. एसएमपीएस खराब नाही. त्याच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात आणि अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. जुन्या पेठांत आणि गावभागातल्या वाड्यांत भिंतीवरचा विजेचा बोर्ड तीन पिनचा दिसतो, पण तिसऱ्या पिनची वायर बऱ्याचदा पुढे कुठेच गेलेली नसते. फेज ते अर्थ मोजा: २३० च्या आसपास आलं पाहिजे. इथे ९० आलं. उघड्या पिनांचा प्रोसेसर हातात घेऊन अशा कॅबिनेटला टेकू नका. काम करताना वायर भिंतीतून काढलेलीच असू द्या. वायरमनला सांगून अर्थ ओढून घेतला, झिणझिण्या गेल्या.

एसएमपीएसही तपासून घेतला: लोडवर १२ व्होल्टची लाइन ११.९. ११.४ ते १२.६ या मर्यादेत असली की बास.

सध्याची स्थिती

कूलर २२००जी सोबतचाच. त्याचे चार स्क्रू कोपऱ्याला कोपरा असे तिरपे, दोन-दोन फेरे देत आवळले, आणि मागची पट्टी खाली गळू नये म्हणून एका हाताने धरून. पेस्ट वाटाण्याएवढी. सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) सलग दहा मिनिटं चालवल्यावर ८३ अंशांवर स्थिर. ५६०० ची मर्यादा ९०, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात मागे एक १२० मिमीचा फॅन लावावाच लागेल. कॅबिनेटच्या जाळीवर हळदीच्या धुळीचा थर साचलेला होता, तो ब्रशने काढल्यावरचा हा आकडा आहे.

रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, सध्या २६६६ वर. एक्सएमपीवर ३२००, १.३५ व्होल्ट लावून रात्रभर मेमटेस्ट चालवायची आहे. ती पास झाली की सिक्युअर बूट चालू करून विंडोज ११.