नको असलेले दागिने कुठे विकावेत?

आईच्या पाटल्या, तन्मणी आणि एकदाही न वापरलेली डिझायनर पर्स विकण्यासाठी आज लक्ष्मी रस्त्यावर दिवसभर फिरले. पहिल्या पेढीत मोडीचा भाव सांगताना वितळवताना वजनात घट किती धरली हे काही केल्या सांगेनात, म्हणून तिथून उठले. दुसरीकडे मात्र माझ्यासमोर यंत्रावर शुद्धता तपासली आणि ९१६ चा शिक्का असलेल्या पाटल्या २२ कॅरेटच्याच निघाल्या. मजुरी परत मिळत नाही, हे मान्यच आहे. तन्मणीच्या मोत्यांना मोडीत जवळजवळ काहीच किंमत येत नाही, त्यामुळे तो न मोडता नात्यातल्याच कुणा हौशी मुलीला देणार आहे. पर्सचे मूळ बिल आणि कापडी पिशवी सापडली. वस्तूचा खरेपणा तपासून मगच विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाकडे ती पाठवीन. पाटल्यांची आतली बाजू आईच्या मनगटाने अगदी गुळगुळीत झाली आहे. त्या उद्या त्या दुसऱ्या पेढीत नेऊन देईन.