उसापासून उसापर्यंत: आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतला भाड्याचा गाळा, जिवाणू वाढवायची २०० लिटरची जुनी टाकी, म्हणजे फर्मेंटर, आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले आम्ही नवरा-बायको. आमच्या जिवाणू खताच्या धंद्याची सुरुवात एवढ्यावर झाली. जिवाणूंचं मूळ वाण पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून आणलं. असा संग्रह आपल्याच गावात आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

काय बनवायचं ते पक्कं होतं. उसाच्या आत राहून हवेतला नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूची नोंद ब्राझीलमध्ये १९८८ साली झाली. आपले शेतकरी त्याला ॲसेटोबॅक्टर म्हणतात. १० टक्के साखरेच्या पाण्यातही तो जोमाने वाढतो. मग त्याला कारखान्याचं मोलॅसिसच, म्हणजे साखर काढून उरलेला दाट पाकच, का खाऊ घालू नये? मोलॅसिसवर वाढवायचा आणि लागणीच्या वेळी उसाच्या टिपऱ्या त्यात अर्धा तास बुडवायच्या. उसाचं उसाला.

पहिल्याच मे महिन्यात बाटल्या फुगल्या. इंदापूरकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "साहेब, झाकण उडालं, घाण वास येतोय." सगळा माल परत आणला, पैसे दिले. दोष मोलॅसिसच्या गाळात होता. गाळाच्या पोटात वाफ नीट पोचत नाही, तिथे दडलेले इतर जिवाणूंचे बीजाणू निर्जंतुकीकरणातूनही वाचतात. आता मोलॅसिस पातळ करून, तापवून रात्रभर निवळू देतो आणि वरचं तेवढंच वापरतो. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खतात दर मिलिलिटरला १० कोटी जिवंत पेशी लागतात. ही मोजणी बाटली भरताना करतोच, शिवाय दुकानाच्या पत्र्याखाली महिनाभर राहिलेली बाटली आणूनही करतो. शेतकऱ्याच्या हातात पडते ती ही बाटली.

पुढे प्रेसमडच्या, म्हणजे उसाचा रस स्वच्छ करताना उरणाऱ्या गाळाच्या, कंपोस्टला हात घातला. टनभर ऊस गाळला की साधारण ३० ते ४० किलो प्रेसमड निघतो. आम्ही ताज्या ढिगावरच ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शिंपडली. ढीग ६० अंशांच्या वर गेला आणि सगळी बुरशी मेली. माझ्या बायकोने आधीच सावध केलं होतं, मी घाई केली. तेव्हापासून ढीग निवल्याशिवाय ट्रायकोडर्मा घालत नाही.

आता प्रेसमड पूर्वीइतका मिळत नाही. केंद्राची 'सतत' योजना २०१८ साली आली, तेव्हापासून प्रेसमडमधून बायोगॅस काढण्याकडे ओढा वाढला आहे. चांगलंच आहे. गॅस निघून गेला तरी स्फुरद, पालाश आणि बराचसा नत्र चोथ्यात राहतो. तोच चोथा घेऊन, कोरड्या पाचटात मिसळून आम्ही गाळ्यामागे ढीग लावलाय. रोज सकाळी बायको त्यात थर्मामीटर खुपसते. आज ४४ होतं. ट्रायकोडर्माचे कॅन भरून ठेवलेत, पण चाळिशीच्या खाली उतरेपर्यंत थांबणार आहोत.