आमची वाटचाल : ठाणे ते लाबुआन बाजो

पिनिसी म्हणजे इंडोनेशियातलं लाकडी शिडाचं जहाज; त्याहून जास्त सांगत बसत नाही. 2017 साली युनेस्कोनं तिच्या बांधणीला वारशाच्या यादीत घेतलं आणि जो तो लाबुआन बाजो बंदरातून कोमोडो बेटांची शिडाची सहल विकू लागला. आम्ही त्याआधीपासून विकतोय, एवढं नोंदवून ठेवतो.

विकतात, पण शीड उघडतं कोण? इंजिनावर जायचं, पदार बेटापाशी फोटोपुरती दोन शिडं चढवायची, की झालं. आमच्या करारात पहिल्यापासून एक ओळ आहे: वारा असेल तर रोज किमान दोन तास इंजिन बंद. त्या ओळीपायी तीन जहाजवाल्यांनी आम्हाला वाटेला लावलं. चौथा कप्तान बुगिस, म्हणजे दक्षिण सुलावेसीच्या दर्यावर्दी लोकांपैकी. त्यानं करार वाचलाच नाही. मला डोलकाठीच्या बुडाशी नेलं, दोर हातात दिला. ओढताना तळहात सोलला. तो हसला, मग सही केली.

पुढची वर्षं चालली.

2019 च्या दिवाळीत आमचाच माणूस गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला आणि आमचाच कार्यक्रम चार हजारांनी स्वस्त विकू लागला. डोंबिवलीच्या एक निवृत्त मराठी शिक्षिका आमच्याबरोबर दोनदा येऊन गेल्या होत्या. आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्यांचा फोन आला, "त्याच्या पत्रकात 'वटवाघूळं' छापलंय. ही चूक तुमची. मग जहाजही तुमचंच का?"

मार्च 2020. बावीस जणांची आगाऊ रक्कम कप्तानाकडे गेलेली. त्यानं ती जहाज किनाऱ्यावर ओढून फळ्या बदलण्यात घातलेली. इथे लोक दारात. ठाण्याचा गाळा विकला, पैसे परत केले. बाईंनी घेतले नाहीत. "राहू द्या. गुडघे आहेत तोवर न्या म्हणजे झालं."

(जाणाऱ्यांनी जानेवारी-फेब्रुवारी टाळा, पश्चिमेचा वारा उठला की बंदरातून जहाजं सोडत नाहीत. कडक बॅगा नकोत, केबिनमध्ये मावत नाहीत. आणि धंदा करणाऱ्यांनो, वही कुलपात ठेवा, माणूस कितीही घरचा असो.)

2022 मध्ये कप्तानानं त्या बावीस जणांना जुन्याच दरात नेलं. त्याबद्दल आमची एक ओळही लेखी नव्हती. कालोंग बेटापाशी संध्याकाळी त्यानं जनरेटरसुद्धा बंद केला. शेजारी वही नेणाऱ्याची बोट गाणी लावून उभी. खारफुटीतून आधी दोन-चार, मग आभाळ काळं होईतो वटवाघळं निघाली. बाई मान वर करून बघत होत्या.

"पत्रक सुधारलंत ना?" वर बघतच त्यांनी विचारलं.

नव्हतं सुधारलं.