आमची वाटचाल : डॉक्टरांपर्यंत आवाज अखंड पोहोचावा म्हणून

आमचा व्यवसाय सुरू झाला तो कार्यालयांमध्ये केबल टाकणे, राउटर बसवणे, वायफाय लावून देणे अशा साध्या कामांपासून. दूरस्थ आरोग्यसेवेचे पहिले काम आले तेव्हा तेही याच पठडीतले असणार, असे आम्ही गृहीत धरले. एका लहान तपासणी केंद्रातील रुग्ण दूरच्या तज्ज्ञांना व्हिडिओवर दाखवायचे होते. आम्ही जोडणीचा वेग मोजला, तो गरजेच्या कितीतरी पट निघाला, आणि आम्ही काम पूर्ण झाल्याचे कागद देऊन मोकळे झालो.

आठवड्याभरात तक्रार आली. सकाळी सगळे सुरळीत चाले, पण दुपारी रुग्णाचे बोलणे मध्येच तुटे आणि डॉक्टरांना एकच प्रश्न दोनदोनदा विचारावा लागे. त्यावर आम्ही काय केले हे सांगताना आजही संकोच वाटतो: आम्ही त्यांना आणखी मोठी जोडणी घ्यायला लावली. फरक काहीच पडला नाही. शेवटी आमचा एक सहकारी दिवसभर तिथे पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) चालू ठेवून बसला, तेव्हा उलगडा झाला. दुपारी क्ष-किरण तपासणीच्या प्रतिमा सर्व्हरवर चढवल्या जात, आणि एरवी 40 मिलिसेकंदांत येणाऱ्या उत्तराला त्या वेळी एक सेकंदाहून अधिक काळ लागे. कारण प्रतिमांची पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, बफरमध्ये, म्हणजे पुढे जाण्याआधी थांबण्याच्या जागेत, रांग लावून बसत आणि आवाजाची चिमुकली पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभी राहत. मोठ्या जोडणीने वाढवला होता तो डाउनलोडचा वेग. अपलोड होता तेवढाच राहिला होता, आणि रुग्ण डॉक्टरांना दिसतो तो अपलोडच्याच बळावर. आम्ही एकूण अपलोडचा वेग जोडणीच्या क्षमतेच्या किंचित खाली बांधला, म्हणजे रांग आमच्या ताब्यातील राउटरमध्येच लागेल, आणि तिथे आवाजाला आधी वाट दिली. तक्रार त्याच दिवशी मिटली. वाढीव जोडणीसाठी घेतलेला मोबदला आम्ही परत केला.

त्यानंतर आम्ही वेगाचा आकडा सर्वांत शेवटी पाहू लागलो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.114 ही शिफारस सांगते, की संभाषण सहज चालायचे तर एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा आणि नियोजनात तो 400 च्या पलीकडे जाऊ देऊ नये. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असल्याने त्या मार्गाने गेलेला प्रश्न आणि त्याचे उत्तर यांच्यामध्ये जवळपास अर्धा सेकंद केवळ प्रवासातच जातो. ताप-खोकल्याच्या विचारपूसीत तो खपतो, पण मानसोपचाराच्या सल्ल्यात रुग्ण उत्तर देताना अडखळला की जोडणीच अडखळली, हे डॉक्टरांना कळेनासे होते. दूरस्थ शस्त्रक्रियेबद्दल आम्हाला वारंवार विचारले जाते. 7 सप्टेंबर 2001 रोजी झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबर्गमधील रुग्णाचे पित्ताशय यंत्रमानवाच्या साह्याने काढले, तेव्हा विलंब सुमारे 155 मिलिसेकंद होता. मात्र त्या जोडणीत दुसऱ्या कोणाची रहदारी मिसळत नव्हती. विलंब कमी असण्याइतकेच तो सारखा असणे महत्त्वाचे, हे आम्ही ग्राहकांना याच उदाहरणावरून समजावतो.

सर्वांत अधिक शिकवले ते डिजिटल स्टेथोस्कोपने. एका ठिकाणी जिटर, म्हणजे विलंबातला चढउतार, नगण्य होते, पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या पॅकेटांचे प्रमाण, जवळपास शून्य होता, रुग्णाचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येई, आणि तरीही हृदयाचे ठोके पलीकडे पोहोचत नव्हते. दोन दिवस आम्ही जोडणीतच दोष शोधत राहिलो. दोष निघाला व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये: ते माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेले असल्याने खालच्या पट्टीतील लबडब त्याला पार्श्वभूमीचा गोंगाट वाटत होता आणि ते तो इमानेइतबारे पुसून टाकत होते. हृदयध्वनीचा मोठा भाग 200 हर्ट्झच्या खाली असतो, तर जुन्या टेलिफोनचा पट्टा 300 हर्ट्झपासून सुरू होतो. आता स्टेथोस्कोपचा आवाज आम्ही वेगळ्या वाहिनीतून, गोंगाट-शमन बंद ठेवून पाठवतो.

घरी ठेवलेल्या रुग्णांची नाडी आणि ऑक्सिजन यांच्या नोंदी पाठवायला अगदी थोडा डेटा लागतो. तिथे वेगाचा प्रश्नच नसतो, खंड मात्र चालत नाही. म्हणून जोडणी गेली तरी उपकरणाने वेळेच्या नोंदीसह वाचने साठवावीत आणि जोडणी परत आल्यावर क्रमाने पाठवावीत, अशी व्यवस्था आम्ही करतो. साठवलेले वाचन ताजे म्हणून पडद्यावर झळकू नये, याकडे आमचे विशेष लक्ष असते.

काम सोपवण्यापूर्वी आम्ही डॉक्टरांना कॉलवर घेतो, त्याच वेळी एक मोठी फाइल चढवायला लावतो आणि मग मुख्य जोडणीची वायर सरळ काढतो. चित्र पुसट झाले तरी हरकत नाही, थिजले तरी हरकत नाही. कॉल पर्यायी मोबाइल जोडणीवर जाताना आवाज मात्र तुटता कामा नये. डॉक्टरांनी आपले वाक्य न थांबता पुरे केले, तरच आम्ही कागदांवर सही मागतो.